‘कोलोनिया’ म्हणजे वसाहत?

नदीकाठ: डेशियावरचा (आजचा रुमानिया) एक लेख मराठीत आणतेय. इ.स. १०६ साली रोमन सम्राट ट्राजनने हा मुलूख जिंकला आणि निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन तिथल्या सार्मिझेगेतुसाला ‘कोलोनिया’ (मूळ लॅटिन शब्द) वसवली. मी ‘वसाहत’ लिहिलं. मसुदा वाचणारे म्हणाले, वसाहत म्हटलं की परक्यांच्या ताब्यातला अख्खा देश डोळ्यांपुढे येतो, हे तर एक नगर! शिवाय लष्करी तळाला लागून व्यापारी, कारागीर, सैनिकांची बायकामुलं राहत, ती वस्ती म्हणजे ‘कॅनाबे’. तिला काय म्हणावं?

घाटपायथा: वसाहतच बरोबर. पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत, धरणग्रस्तांची वसाहत हे सगळे रोजचे शब्द आहेत. आणि कॅनाबे म्हणजे बुणगे, फौजेमागचा बिनलढाऊ लवाजमा.

वाळवंटी: धरणग्रस्त स्वतःची जमीन गमावून येतात. इथे जिंकणाऱ्याला हरलेल्याची जमीन मिळाली. एकच शब्द दोघांना लावायला माझं मन घेत नाही. आणि बुणगे तर मुळीच नको. पानिपतावर बुणगे फौजेबरोबर फिरत होते. डेशियातल्या आपुलुमला तेराव्या लीजनच्या (रोमन पलटणीच्या) तळाभोवतीचे लोक मात्र तिथेच रुजले आणि त्या वस्तीचं पुढे शहर झालं.

घाटपायथा: मग सदर बाजार म्हणा. माझं बालपण साताऱ्याच्या सदर बाजारात गेलं. पलटणीच्या आधाराने वाढलेली वस्ती, हाच तर अर्थ.

शुद्धमती: सदर अरबी, बाजार फारसी. ‘शिबिरपेठ’ करता येईल.

घाटपायथा: अहो ताई, पेठेत माणसं राहतात, शिबिरपेठेत कोण राहणार? ‘लष्कर’सुद्धा फारसीच, म्हणून पुण्यातलं लष्कर कुणी सोडलंय का?

वाळवंटी: ‘बायकामुलं’ही जपून लिहा. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत सेवेतल्या सैनिकाला कायदेशीर लग्नच करता येत नव्हतं. साहाय्यक दलातला (रोमन नागरिक नसलेल्यांच्या तुकडीतला) शिपाई २५ वर्षं चाकरी करी, तेव्हा त्याला नागरिकत्व मिळे. नुसत्या सैनिकांनी प्रांत भरलाही नाही. रोमन इतिहासकार युट्रोपियस सांगतो की युद्धांत डेशियातले पुरुष संपले होते, म्हणून ट्राजनने साम्राज्यभरातून माणसं आणली. डेशियातल्या आल्बुर्नुस मायोरच्या सोन्याच्या खाणींत इलिरियातले (पश्चिम बाल्कनमधले) खाणकामगार होते.

नदीकाठ: रुमानियन भाषेत म्हाताऱ्याला ‘बात्रन’ म्हणतात, तो शब्द लॅटिन ‘वेतेरानुस’वरून आलाय, म्हणजे निवृत्त सैनिक. केवढी खोल रुजली ती माणसं!

शुद्धमती: ‘कॅनाबा’चा मूळ अर्थ झोपडी. आपली ‘छावणी’ही छावणे, म्हणजे शाकारणे, यावरून आली. पावसाळ्यात फौज छपराखाली राही ती छावणी. हाच शब्द घ्या, अस्सल आहे.

घाटपायथा: दसऱ्याला छावणी उठायची! जी उठते तिला वस्ती कसं म्हणायचं?

शुद्धमती: औरंगाबादची छावणी उठली का? शब्दाचा अर्थ पुढे सरकतोच.

वाळवंटी: अर्थ सरकतो हे मान्य असेल, तर ‘बाजार’ परका कसा ठरतो?