उसातले सेन्सर नोड फिरते करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

खानापूरकर_ईसी:
फायनल इयरचा प्रोजेक्ट करालोय, काकांच्या उसात जमिनीची ओल मोजायला नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेले बॅटरीवरचे छोटे डबे) लावलेत, एकाचा डेटा दुसऱ्याकडं, दुसऱ्याचा तिसऱ्याकडं असं करत घरावरच्या गेटवेपर्यंत, म्हणजे सगळा डेटा गोळा करणाऱ्या डब्यापर्यंत येतो. लांबचे नोड मस्त चाललेत पण घराजवळचे सारखे बंद पडतात, बॅटऱ्या बदलून वैताग आलाय. गाईड म्हणतात मोबिलिटी अ‍ॅड करा. आता काय नोडना चाकं लावू, तेबी उसात?

निपाणी_वायरलेस:
चाकं बिकं नको रे भावा 😄 जवळचे मरणारच की, सगळ्या रानाचा डेटा त्यांच्यावरनंच जातोय, ह्यालाच एनर्जी होल म्हणतात. सेन्सर आहे तिथंच राहू दे, गोळा करणारा फिरव. दुधाची गाडी येते नव्हं रोज तुमच्या वाटेनं, तिच्यावर रिसीव्हर बसव, प्रत्येक नोड आपला डेटा साठवून ठेवतो आणि गाडी आली की थेट देतो, मधली हमाली बंद. 'डेटा म्यूल' म्हणून सर्च कर. आपल्या कर्नाटकातच दोड्डबळ्ळापूरला डाकनेट नावाच्या प्रोजेक्टवाल्यांनी सरकारी बसवर वायफाय बसवून गावागावातला भूमी रेकॉर्डचा (जमिनीच्या कागदांचा) डेटा असाच नेला होता.

चिकोडी_एम्बेडेड:
आयडिया बरोबर, पण खरी गोची गाडी आणि नोडची गाठ पडण्यात आहे. एसएक्स१२७६ (नोडमधली लोरा रेडिओ चिप) नुसतं ऐकत बसलं तरी १० मिलीअँपच्या आसपास खातं, दिवसभर गाडीची वाट बघितलीस तर बॅटरी आत्तापेक्षा लवकर जाईल. आरटीसी (घड्याळाची चिप) लाव, गाडीच्या वेळेलाच नोड उठू दे, गाडीनं एकेक नोडचा नंबर पुकारायचा, नाहीतर सगळे एकदम बोंबलतील. आणि हिशोब बघ, ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, वाटेचा २०० मीटर पट्टा रेंजमध्ये धरला तर ३६ सेकंद हातात. दर १५ मिनिटाला १२ बाइट म्हणजे एका नोडचे दिवसाला ११५२ बाइट, एसएफ७ ला (लोराचं सेटिंग, एसएफचा आकडा वाढला की रेंज वाढते पण वेग कमी होतो; १२५ किलोहर्ट्झ) सेकंदाला साधारण साडेपाच हजार बिट मिळतात, दोन-तीन सेकंदात काम होतंय. रेंजच्या मोहात एसएफ१२ केलंस तर सेकंदाला ३०० बिटसुद्धा नाहीत, एकाच नोडवर गाडी पुढं निघून जाईल.

खानापूरकर_ईसी:
भारी 🙏 पण पावसात आमच्या वाटेला चिखल, गाडी चार-चार दिवस आत येतच नाही, मग? ड्रोन घेऊ काय?

चिकोडी_एम्बेडेड:
ड्रोनला परवानगी, बॅटरी, वर पाऊस, सोड ते. आठवड्याचा डेटा ८ केबी, नोडच्या फ्लॅश मेमरीत कुठंही मावतो. प्रत्येक रीडिंगला सिक्वेन्स नंबर दे आणि अ‍ॅक म्हणजे गाडीकडनं पोच आल्याशिवाय पुसू नको. ओलीचा आकडा चार दिवस उशिरा आला तर प्रोजेक्टला चालतंय, मोटर आपोआप चालू-बंद करणार असशील तर मात्र ही पद्धत कामाची नाही.

निपाणी_वायरलेस:
आणि अँटेना पाल्याच्या वर काढ बाबा, ऊस डोक्यावर गेला की ओल्या पाल्यात सिग्नल पार मरतो. आत्ता ऊस लहान असताना टेस्ट करून खूश होऊ नको.

खानापूरकर_ईसी:
बांबू लावतो. दूधवाल्या मामांना विचारतो, गाडीच्या बॅटरीवरनं १२ व्होल्ट देतात काय ते.