कॅथरीन बू: अण्णावाडीतली साडेतीन वर्षं

अमेरिकन पत्रकार कॅथरीन बू यांच्या 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरएव्हर्स' या मुंबईतल्या झोपडपट्टीवरच्या पुस्तकाबद्दल काही जण म्हणतात की भाषा न येणारी अमेरिकन बाई चार दिवस झोपडपट्टीत फिरली आणि पुस्तक काढलं. हे साफ चूक आहे. बू मुंबई विमानतळालगतच्या अण्णावाडी या झोपडपट्टीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ काम करत होत्या. मराठी-हिंदी येत नव्हतं, म्हणून दुभाषे सोबत. नोंदवह्या, ध्वनिमुद्रण, व्हिडिओ. त्यातलं काही चित्रण तर वस्तीतल्या पोरांनीच कॅमेरा शिकून केलेलं. वर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून मिळवलेले कागद धरून ३,०००हून जास्त सरकारी दस्तऐवज. हा भाग फार मोलाचा, कारण एका बाईच्या जळण्याच्या प्रकरणात पोलीस, रुग्णालय, शवागार आणि कोर्ट यांच्या नोंदी त्यांनी १६८ जणांच्या पुन:पुन्हा घेतलेल्या मुलाखतींशी ताडून पाहिल्या.

'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरएव्हर्स' हे नाव वस्ती झाकणाऱ्या भिंतीवरच्या फरशांच्या जाहिरातीतलं. २०१२चा अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड या पुस्तकालाच मिळाला.

ही चिकाटी जुनीच. वॉशिंग्टनमधल्या मतिमंदांच्या निवासगृहांतली हेळसांड त्यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये उघड केली, त्या लेखमालेमुळे वृत्तपत्राला २०००चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं. नंतर त्या 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकात लिहू लागल्या. पुस्तकाच्या शेवटचं लेखिकेचं टिपण आधी वाचा, पद्धत तिथे आहे.