पेरूतल्या इंका ट्रेलला जायचंय, हमालांना नीट वागवणारी कंपनी कशी ओळखायची?

प्रश्न (सोलापूर):
आम्ही सहा जण, चाळिशी ओलांडलेले. सरावाला नळदुर्ग आहेच. माचू पिचूला, म्हणजे इंका लोकांच्या जुन्या डोंगरी नगरीला, चार दिवस चालतच जायचंय. स्वस्त पॅकेज मिळतंय, पण हमाल किती ओझं उचलणार, कुठं झोपणार, यावर एक अक्षर नाही.

उत्तर १:
दादा, तेच आधी लेखी मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. मी जाऊन आलेय. नाक्यावर ओझं काट्यावर तोलतात. आमच्या पुढं चालणाऱ्याच्या पायात टायरच्या चपला, पाठीवर तंबू अन् गॅसची टाकी, आणि वाट सगळी दगडी पायऱ्यांची! त्यांना पावसाळी कोट, झोपायला कोरडा तंबू मिळतो का, विचाराच. बक्षिशी त्यांच्याच हातात द्या.
दिवसाला 500 च माणसं सोडतात, हमाल-गाईड धरून. परमिट लवकर काढा. फेब्रुवारीत वाट बंद. कुस्को, म्हणजे ट्रेकआधी मुक्कामाचं शहर, 3,400 मीटरवर, वाटेतली सगळ्यात उंच खिंड 4,200 च्या वर. आपण साडेचारशेवर राहणारे, विरळ हवेची सवय व्हायला कुस्कोत दोन-तीन दिवस थांबाच.

उत्तर २:
परमिट नाही मिळालं तर चोकेकिरावचे अवशेष बघा. तेही इंकांचेच, गर्दी फार कमी. अपुरिमाक नदीच्या दरीत उतरून पुन्हा चढायचं, गुडघे मात्र धड हवेत.

प्रश्नकर्ता:
ताई, आजच मेल टाकतो.