प्रतिसाद: ३०० चा प्लॅन, पण वायरवर ९४ च का?

३०० एमबीपीएसचा नेट प्लॅन असूनही केबलने जोडल्यावर स्पीड ९४ च येतो, असा प्रश्न आहे. वर सगळ्यांनी राउटर बदलायला सांगितलंय, पण ९४ हा आकडाच खूप काही सांगतो. लिंक (केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांमधली जोडणी) १०० एमबीपीएसला अडकली की हेडर (डेटासोबत जाणारी पत्त्यासारखी माहिती) वगैरे वजा जाता हातात साधारण एवढंच उरतं. म्हणजे आधी केबल बघा.

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकत्र पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. १०० च्या लिंकला त्यातल्या दोनच लागतात: प्लगच्या पिन १-२ आणि ३-६ वरच्या. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक तार जरी नीट बसली नसेल, तरी बरीच उपकरणं निमूटपणे १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

आणखी एक गंमत. केबलवाला कधीकधी दोन्ही टोकांना रंगांच्या जोड्या ओळीने लावतो: नारंगी, हिरवा, निळा, तपकिरी. केबल तपासायच्या स्वस्तातल्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांत गेलेले असतात. पिळाचा उपयोगच संपतो, सिग्नल एकमेकांत मिसळतात. हिरव्या जोडीच्या दोन तारांच्या मध्ये निळी जोडी हवी. प्लग पारदर्शक असतो, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. चुकलं असेल तर कापून नवा प्लग क्रिंप करा (खास पकडीने दाबून बसवा), राउटरला हात लावू नका.