लालबागच्या पडक्या चाळीत पागडीची खोली गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

परळकर७७: ओळखीतून पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मग नाममात्र भाड्यावर राहायची खोली आलीये. १६० फूट, दुसरा मजला, संडास कॉमन, गॅलरीला टेकू. बेत असा की आत्ता घ्यायची, नोकरीवाल्या दोन पोरांना भाड्याने द्यायची, पुनर्विकास झाला की मोठं घर आपलं. बायको म्हणते पैसे पाण्यात. पण मुंबईत आपल्याला झेपेल असं दुसरं उरलंय काय?

हिशेबनीस: घ्या. सप्टेंबर १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) चाळ असेल तर विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली किमान ३०० फूट कार्पेट मिळतं, तेही मालकीचं. एवढ्या पैशात कल्याणच्या पुढेसुद्धा काही येणार नाही.

टेकूवाला: मिळतं म्हणे! आमची गिरगावातली चाळ २००९ ला पाडली. बिल्डरने दोन वर्षं भाडं दिलं, मग फोन उचलणं बंद. जागेवर पत्रे ठोकलेत, आत खड्डा, पावसाळ्यात बेडूक ओरडतात. आई नव्या घराची वाट बघत भाड्याच्या खोलीतच वारली.

हिशेबनीस: वाईट झालं, पण एक बिल्डर पळाला म्हणून सगळेच पळतात का? माझ्या मावशीला भायखळ्यात चार वर्षांत चावी मिळाली.

मालकाची_नात: मूळ मुद्दा राहिला. पागडी म्हणजे मालकी नव्हे, तुम्ही भाडेकरूच. करारात मुभा नसताना किंवा मालकाच्या संमतीविना पोटभाडेकरू ठेवलात, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तेवढ्यावर खोली खाली करून घेता येते. म्हणजे पुनर्विकास होईल तेव्हा तुम्ही भाडेकरूंच्या यादीतच नसाल. आणि मालकाला शिव्या घालण्याआधी ऐका: आमच्या एका खोलीचं भाडं १४० रुपये. वर्षाला ४ टक्के वाढ, म्हणजे साडेपाच रुपये. यात वाळवी लागलेली तुळई कशी बदलायची?

टेकूवाला: आणि खोली हातबदल होताना किमतीचा तिसरा हिस्सा घेता तो? त्यातून तुळई येत नाही? २०१७ ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत पडली, तीसवर माणसं गेली. परळकर, तुमची ती दोन पोरं रोज त्या टेकूखालून ये-जा करणार आहेत, त्याचा हिशेब कुठे धरलाय?

मालकाची_नात: तो हिस्सा दहा वर्षांत एकदा येतो, तोही पाच चुलत्यांत वाटून. असो. परळकर, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे?

परळकर७७: विकणाऱ्याच्या काकांच्या. ते वारलेत. मालक नंतर नाव चढवून देतील असं विकणारा म्हणालाय.

हिशेबनीस: थांबा थांबा. मी घ्या म्हटलं ते पावती नावावर होत असेल तर. मालकाला स्वतः भेटा, त्याची लेखी संमती घ्या, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या धोकादायक इमारतींच्या यादीत चाळ आहे का ते बघा. तोवर एक रुपया देऊ नका.

परळकर७७: टोकन कालच दिलंय. घरी अजून सांगितलं नाहीये.