क्रँक सेन्सर : इंजिन उतरवण्याआधी

जुन्या पोर्शे बॉक्स्टर गाडीचा क्रँक सेन्सर (इंजिनाचा क्रँकशाफ्ट कसा फिरतो ते टिपणारा सेन्सर) इंजिन उतरवल्याशिवाय निघत नाही, असे या चर्चेत आधी कुणी लिहिले आहे; ते मत मला पटत नाही. सेन्सर फ्लायव्हीलजवळ (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाजवळ) असल्यामुळे, गाडी लिफ्टवर घेतली की पान्याला लांब एक्स्टेंशन लावून तिथपर्यंत खालूनही पोहोचता येते. माझ्या गाडीसाठी मी उद्यमनगरातल्या लेथवर पान्याचे सॉकेट थोडे आखूड करून घेतले आणि त्याने काम पुष्कळ सोपे झाले.

चर्चेत न आलेली गोष्ट वायरीची आहे. सेन्सरची शेपटीसारखी वायर इंजिनाच्या वरच्या बाजूला कनेक्टरपर्यंत जाते. जुना सेन्सर ओढण्यापूर्वी त्या टोकाला मजबूत दोरा बांधावा. वायर खाली आली की दोरा तिच्या वाटेत राहतो आणि नवी वायर त्याच वाटेने वर ओढता येते. मी पहिल्यांदा दोरा बांधला नव्हता, आणि निव्वळ ती वाट शोधण्यात अख्खी दुपार गेली. काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे; कनेक्टरचे प्लॅस्टिक उष्णतेने कडक झालेले असते, म्हणून त्याची खिटी जपून दाबावी. गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर संशय आधी याच सेन्सरवर घ्यावा.