अनुभव धागा: वेचलेल्या शंख-शिंपल्यांचं टेबलावर काय काय केलंत?

मंडळी, समुद्रावरून येताना ओंजळभर शिंपले बरोबर येतातच, आणि मग बरणीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मी यंदा माझी बरणी उघडली. जेवणाच्या टेबलासाठी उथळ लाकडी तबकात कोरडी वाळू पसरली, मधोमध एक मोठा शंख ठेवला आणि भोवती थोडे शिंपले, दाटी न करता. रोज येताजाता हात लावावासा वाटतो इतकं छान दिसतंय. पण करताना प्रश्न खूप पडले. वास कसा घालवायचा, रंग कसा टिकवायचा, चिकटवायचं कशाने? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. जे फसलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

*

फसलेल्यापासूनच सुरुवात करते. एक सुंदर शंख रिकामा समजून घरी आणला. तीन-चार दिवसांत घरभर असा वास सुटला की काही विचारू नका. आत खोलवर शंखात राहणारा खेकडा होता, मेलेला. ती गोष्ट मला अजून टोचते. या खेकड्याचं पोट मऊ असतं आणि त्यावर कठीण कवच नसतं, म्हणून तो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणजे आपण उचललेला प्रत्येक धडधाकट शंख हे कुणाचं तरी पुढचं घर असू शकतं. तेव्हापासून मी मोठे अखंड शंख तिथेच ठेवते. शिंपल्यांच्या सुट्या झडपा आणि तुटके शंख घेते. तुटक्या शंखाचा आतला पीळ दिसतो, तो टेबलावर अखंड शंखापेक्षा देखणा वाटतो, हे माझं प्रामाणिक मत. आणखी एक: शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असण्याची जरा जरी शक्यता असेल तर हात लावू नका. त्या गोगलगायी विषारी दंश करतात, काही जातींचा दंश जीवघेणा असतो.

*

सफाईबद्दल लिहितो. व्हिनेगर वापरू नका! कुणीतरी सांगितलं म्हणून मी वीस शिंपले व्हिनेगरमध्ये टाकून झोपलो. आधी बारीक बुडबुडे आले, ते बघायला मजा वाटली. सकाळी हात फिरवला तर वरच्या उभ्या रेघा बोथट झालेल्या आणि कडा कागदासारख्या पातळ. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो विरघळतो, आणि ते बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आता कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि सावलीत आठवडाभर वाळवणं, बस. फारच चिवट घाण असेल तर पाण्यात थोडं ब्लीच घालून थोडा वेळ ठेवतो आणि भरपूर पाण्याने धुतो. पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

*

मला भोकवाल्या शिंपल्यांचं वेड आहे. वेचताना पाहिलं असेल, बिजागरीच्या जवळ एक गोल भोक असतं, अगदी गिरमिटाने पाडल्यासारखं. बोटाचं टोक ठेवलं तर कळतं की ते बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलंय, बशीसारखं. हे काम एका शिकारी गोगलगायीचं. ती शिंपल्याला पायात धरते, आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करते आणि जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडत जाते, तासन्‌तास, आतल्या जिवापर्यंत पोचेतो. असे शिंपले वेगळे काढून मी प्रत्येकी तीन दोऱ्यात ओवले आणि टेबलक्लॉथच्या चार कोपऱ्यांना बांधले. वाऱ्याने कापड उडत नाही आणि हलकीशी किणकिण होते. ड्रिल लावावं लागलं नाही. भोक पाडायचंच असेल तर शिंपला ओला ठेवून सावकाश पाडा आणि तोंडावर मास्क लावा, ती पूड छातीत जाणं चांगलं नाही.

*

गोंद: गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवलेली माझी फ्रेम महिन्याभरात गळायला लागली. आतली बाजू फार गुळगुळीत असते. आता चिकटवायची जागा ओल्या पॉलिशपेपरने खरबरीत करतो आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरतो. रात्रभर हलवत नाही.

मेणबत्त्याही केल्या. खोलगट शिंपला वाळूत नीट बसवायचा म्हणजे कलंडत नाही, पत्र्याच्या बुडाची वात मधोमध उभी करायची आणि मग मेण ओतायचं. पेटती सोडून खोलीबाहेर जायचं नाही.

*

रंगाबद्दल एवढंच: ओला शिंपला गडद दिसतो कारण पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे पाण्याने भरतात आणि प्रकाश कमी विखुरतो. वाळल्यावर फिका पडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मिनरल ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा, रंग परत येतो. खाण्याचं तेल नको, खवट होतं. वार्निश मला आवडत नाही, शिंपला प्लॅस्टिकचा वाटायला लागतो.

*

वर व्हिनेगरबद्दल लिहिलंय त्याला जोडून. माझे शिंपले लाकडी खणात बंद होते. काही वर्षांनी उघडून बघितलं तर त्यांच्यावर पांढरी पूड, बुरशीसारखी. बुरशी नव्हतीच. ओकसारख्या लाकडातून आणि साध्या पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटत राहते, त्यात व्हिनेगरमधलंच अॅसेटिक आम्ल असतं. बंद जागेत ती शिंपल्याला हळूहळू खाते आणि पांढरे क्षार वर येतात. याला 'बाइन्स डिसीज' म्हणतात. 1899 मध्ये बाइन या ब्रिटिश शिंपले-अभ्यासकांनी याबद्दल लिहिलं तेव्हा त्यांना हे जंतूंचं काम वाटलं होतं, म्हणून 'डिसीज' हे नाव राहून गेलं. ओलावा असेल तर जास्त लवकर होतं. आता माझे शिंपले काचेच्या बरणीत असतात.

*

धागा काढणारी मीच. माझं तबक लाकडी असलं तरी उघड्यावर आहे, ते चालेल असं दिसतंय. पण उरलेले शिंपले मी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून लाकडी कपाटात ठेवले होते. वाचल्याबरोबर उठले आणि सगळे परत बरणीत घातले. घालताना एकेक उन्हाकडे धरून बघितला, सहा भोकवाले सापडले.